सभेत मी काय बोललो, भागाबाई

भागाबाई, दवाखान्यातलं लाकडी टेबल मी तीनदा धुतलं. आधी साध्या पाण्यानं, मग सोड्यानं, मग फिनाईल ओतून. फळ्यांच्या फटीत तुमचं रक्त अजून आहे. याच टेबलावर तुमच्या लेकाचं, गोविंदाचं रक्त सांडलं होतं, तेव्हा मी फडकं घेऊन पुढे झालो तर तुम्ही ते माझ्या हातातून ओढून घेतलंत. "माह्यंच हाय, मीच पुसतो," म्हणालात आणि खरोखर पुसलंत. पाय दुमडून खाली बसून टेबलाच्या बुडाकडूनही पुसलंत, कारण तिकडे ओघळ गेला होता.

गोविंदाला तुम्ही कापसाच्या गाडीवरून आणलं होतंत. विशीतला पोरगा, पोट डावीकडून उजवीकडे फाटलेलं. तुम्ही लुगड्याचा पदर दाबून धरला होता आणि त्याच्या खाली तुमच्या हातात काय होतं ते मला पदर काढल्यावर कळलं. डॉक्टर वर्ध्याला गेलेले. मी नुसता कंपाउंडर, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणारा आणि टाके घालणारा. ते पोट माझ्याच्यानं शिवलं जाणार नव्हतं, हे तुम्हाला माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं असावं. तुम्ही ओरडला नाहीत. त्याच्या कपाळावरचे केस मागे सारत राहिलात.

पुढच्या सोमवारी जिनाचा, म्हणजे तुमच्या कापूस पिंजायच्या कारखान्याचा, भोंगा व्हायच्या आधी तुम्ही दवाखान्याच्या दारात उभ्या. मला वाटलं, खोकल्याचं औषध हवं असेल. जिनात काम करणाऱ्या सगळ्याच बायांना रुईच्या धुळीनं खोकला असतो. तुम्ही विचारलंत, "ह्या हप्त्यात किती आले?"

मी म्हटलं, काय किती?

"चाकूचे."

मला राग आला होता. वाटलं, बाईचं डोकं फिरलं. तरी मी जखमांचं रजिस्टर उघडून सांगितलं. मग दर सोमवारी सांगत राहिलो. तुम्हाला लिहिता येत नव्हतं, पण कोणत्या आठवड्यात किती पोरं चिरली गेली, कोणत्या मोहल्ल्यातली, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं पाठ असायचं.

दारूबंदी झाल्यापासून नाल्याच्या दोन्ही काठांवर हातभट्ट्या लागल्या होत्या. पोरं सायकलच्या ट्यूबमध्ये दारू भरून, ट्यूब अंगाला गुंडाळून, वरून सदरा घालून पुलगावच्या गिरणीपर्यंत पोचवायची. नाल्याअलीकडची पोरं दौलत भट्टीवाल्याची, पलीकडची दुसऱ्याची. कोणी कोणत्या रस्त्यानं जायचं यावरून चाकू निघायचे. गोविंदा ट्यूब नेत नव्हता. तो नुसता त्या रस्त्यानं घरी येत होता.

आपला पहिला वाद तेव्हाचाच. तुम्ही कुठूनसं ऐकून आला होतात की सरकार समाजशिक्षणासाठी अनुदान देतं. ते घेऊन पोरांसाठी केंद्र काढायचं तुमच्या मनात होतं: जिनाच्या पडक्या गोदामात आखाडा, संध्याकाळचा वर्ग, लेझीम. मी हसलो. म्हटलं, गुंडांना कुस्ती शिकवली तर ते आणखी जोरात मारतील.

"हातात चाकू धरून कुस्ती खेलता येत नाई, कंपोंडर," तुम्ही म्हणालात.

तुमच्या वतीनं अर्ज मीच लिहिला, हे मात्र मला आठवायला आवडतं. तीनदा वर्ध्याला गेलात, दर वेळी जिनाची मजुरी बुडवून. साहेबानं भेट नाकारली तर कचेरीच्या पायरीवर भाकरीचं फडकं सोडून बसायचात. अनुदान आलं. कुस्ती शिकवणाऱ्या रहमान उस्तादांचा पगार, कंदिलाचं तेल, पाट्या, आणि पोरांना मूठमूठ चणे-गूळ. चण्यांवरून नगरपालिकेतल्या एका सभासदानं हरकत घेतली, की सरकारी पैशानं गुंडांना खाऊ घालायचं काय? तुम्ही उभ्या राहून सांगितलंत, "भट्टीवाला मटन देते साहेब. मी चन्यावर भागवून राह्यली."

केंद्राच्या पहिल्याच संध्याकाळी नाथ्यानं पलीकडच्या एका पोराचं डोकं विटेनं फोडलं. नाथ्या तेव्हा सोळाचा, दौलतच्या ट्यूब नेणाऱ्यांत सगळ्यात चपळ. तुम्ही काठी उचललीत आणि त्याच्या पाठीवर इतक्या जोरात हाणलीत की ती मोडली. मग एका हातात फोडणारा, दुसऱ्या हातात फुटलेला, असे दोघांना फरपटत माझ्याकडे आणलंत. मी सुई घेतली तर नाथ्याच्या हातात कंदील दिलात.

"ज्यानं फोडलं त्यानंच उजेड दाखवाचा," तुम्ही सांगितलंत. "डोये झाकशील तं पाहजो."

चौथ्या टाक्याला नाथ्या ओकला. कंदील सोडला नाही. तेव्हापासून केंद्राचा तोच नियम झाला, आणि मला सांगायला हवं भागाबाई, की त्या नियमानं जेवढं काम केलं तेवढं पोलिसांच्या दंडुक्यानं केलेलं मी पाहिलं नाही. ज्यानं एकदा दुसऱ्याच्या उघड्या मांसावर उजेड धरला तो पोरगा पुन्हा क्वचितच माझ्या रजिस्टरात आला.

दौलत गप्प बसणार नव्हताच. त्याच्या माणसांनी भर दुपारी रहमान उस्तादांना रेल्वे फाटकापाशी गाठलं आणि बैलगाडीच्या कडेचा दांडा, उभारी, उपसून त्यांचा उजवा हात कोपरापाशी मोडला. हाड बाहेर आलं होतं. मी बांबूच्या खपच्या बांधत असताना ते दातात रुमाल धरून बसले होते आणि तुम्ही बाजूला उभ्या राहून त्यांना परत जा म्हणत होतात, अकोल्याला लेकीकडे. उस्ताद रुमाल काढून म्हणाले, "डावा है ना." दुसऱ्या दिवशी डाव्या हातानं त्यांनी पोरांना पेच शिकवले.

मी रोज संध्याकाळी येऊ लागलो होतो. आधी मलमपट्टीच्या निमित्तानं, मग वर्गात हिशेब शिकवायला. गोदामात एकच माठ होता. तुम्ही भरायचात आणि नाल्याअलीकडची, पलीकडची, सगळ्या जातींची पोरं त्याच पेल्यानं प्यायची. मी "तहान नाही" म्हणायचो. महिनोन् महिने मला तहान नव्हती. वैशाखात एकदा घसा इतका कोरडा पडला की आवाज निघेना, तेव्हा तुम्ही पेला भरून माझ्यापुढे धरलात आणि तशाच उभ्या राहिलात. मी प्यालो. तुम्ही पेला परत घेऊन कामाला लागलात. त्यावर एक शब्द कधी काढला नाहीत, याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. नगरपालिकेतल्या काही जणांना मात्र तो माठ चण्यांपेक्षाही जास्त खुपत होता. ते तसं म्हणत नव्हते, एवढंच.

त्या दसऱ्याला तुम्ही नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलात. आणि दोन-तीन आठवड्यांतच आपलं राज्य बदललं. नागपूरची राजधानी गेली, आपण मुंबई राज्यात आलो, कचेऱ्यांतले कागद पेट्यांत बांधले गेले. केंद्राची फाइल त्यातल्या कुठल्या पेटीत गेली ते कोणालाच सांगता येईना. वर्षभर उस्ताद बिनपगारी राहिले. शेवटी वरून उत्तर आलं की नगरपालिकेनं आपल्या पैशातून चालवायचं असेल तर चालवावं.

आता सभेबद्दल.

सभेपुढे दोन मागण्या होत्या. एक केंद्राची, एक आमच्या दवाखान्याची. पैसा एकालाच पुरणार होता. दिवाळीच्या आधीची सभा. तुम्ही बाहेर व्हरांड्यात खांबाला टेकून उभ्या होतात. आत बायांना मज्जाव नव्हता, पण तुम्हाला कोणी या म्हटलं नाही. डॉक्टरांनी मला सकाळीच बोलावून सांगितलं होतं की दवाखान्याला पैसा मिळाला तर कंपाउंडरची जागा कायम होईल. सात वर्षं मी हंगामी होतो. बायकोला दिवस गेले होते. डॉक्टर वाईट माणूस नाहीत. त्यांना पेनिसिलिन हवं होतं, दोन खाटा हव्या होत्या, आणि त्या खरोखर हव्याच होत्या.

अध्यक्षांनी मला उभं केलं. म्हणाले, जखमांचं रजिस्टर तुम्हीच ठेवता, तेव्हा सांगा, केंद्र सुरू झाल्यापासून मारामाऱ्या कमी झाल्या का?

झाल्या होत्या. निम्म्याहून खाली आल्या होत्या. दर सोमवारी मीच तुम्हाला आकडा सांगत होतो आणि तुम्ही बोटांवर मोजून मान हलवत होतात. मी म्हणालो, "तसं नक्की सांगता येत नाही."

एवढंच बोललो. कोणी पुढे विचारलंही नाही. त्यांना तेवढंच ऐकायचं होतं.

बाहेर आल्यावर तुम्ही विचारलंत, सांगितलं का? मी म्हटलं, सांगितलं. आणि तुम्ही माझ्या दंडावर हात ठेवलात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"तुमी बोलले हे बरं झालं," म्हणालात. "दुसरं कोणी बोललं नसतं. मंग नाई देल्ला पैसा तं नाई देल्ला."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. घरी आलो, जेवलो.

दिवाळीला गोदामाला कुलूप लागलं. उस्ताद अंगणात चार पोरं घेऊन बसायचे, पण थंडी पडली तशी तीही सुटली. दौलतकडे मटण होतं. पौषात रजिस्टरची पानं पुन्हा भरू लागली. एक बोट तुटलेलं, एक कान, एकाच्या मांडीत गुप्ती अर्धी मोडून राहिलेली. ती मी चिमट्यानं काढली तेव्हा तो पोरगा आईच्या नावानं किंचाळत होता आणि त्याची आई बाहेर उभी राहून मलाच शिव्या देत होती. तुम्ही सोमवारी येत राहिलात. मी आकडा सांगायचो आणि तुमच्याकडे बघायचो नाही. एकदा म्हणालात, "नाथ्या बी गेला परत."

मग तो बाजाराचा दिवस. शुक्रवार, दुपारचे तीन वाजले असतील. कापसाच्या गाड्या जिनापासून फाटकापर्यंत लागलेल्या. पलीकडच्यांनी दौलतच्या एका पोराला बाजारात धरून त्याच्या अंगावरची ट्यूब फाडली होती. अलीकडचे धावून आले. गाड्यांच्या उभाऱ्या निघाल्या, चाकू निघाले, बैल उधळले. भाजीवाल्या बाया दुकानं टाकून पळाल्या. मी आवाज ऐकून दवाखान्याच्या पायरीवर आलो आणि तिथून तुम्हाला पाहिलं. तुम्ही जिनातून तशाच आला होतात, केसांत, भुवयांवर रुई. तुमच्या हातात काही नव्हतं. एकेका पोराला नावानं हाक मारत तुम्ही आत शिरलात. आणि भागाबाई, मी डोळ्यांनी पाहिलं, की दोघा-तिघांनी उभाऱ्या खाली केल्या. तुमचा आवाज ऐकून केल्या. आणखी थोडी सवड मिळाली असती तर सगळ्यांनी केल्या असत्या.

तुम्हाला आणलं तेव्हा तुम्ही शुद्धीत होतात. चाकू बरगड्यांच्या खाली शिरला होता, वरच्या दिशेनं. मी कापड दाबलं की ते भिजायचं, दुसरं दाबलं की तेही. डॉक्टर होते, त्यांनीही हात लावला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. तुम्ही विचारलंत, पोट्टे पांगले का. मी म्हटलं, पांगले. मग तुम्ही माझी बाही ओढून मला खाली वाकवलंत आणि जन्मात पहिल्यांदा अरे-तुरे केलंत.

"नाथ्याच्या हाताले लागलं हाय. पाहजो, बाबू."

मला कळायला क्षणभर लागला. चाकू रक्तानं निसरडा झाला की मारणाऱ्याची मूठ पात्यावर घसरते. तळहात कापला जातो. असे तळहात मी कितीतरी शिवले आहेत.

ठाणेदार जबानी घ्यायला आले. कोणी मारलं, त्यांनी तीनदा विचारलं. तुम्ही तीनदा एकच सांगितलंत, "गर्दी होती. दिसलं नाई." मी शेजारी उभा होतो. त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत.

तुम्हाला नेल्यावर तासाभरानं नाथ्या आला. दवाखान्याच्या मागच्या बाजूनं, हाताला बनियन गुंडाळून. तळहात अंगठ्यापासून करंगळीपर्यंत उघडा पडला होता, आतले पांढरे दोर दिसत होते. मी त्याला त्याच टेबलापाशी बसवलं. टेबल तेव्हा धुतलेलं नव्हतं.

सुन्न करायचं इंजेक्शन कपाटात होतं, भागाबाई. मी ते काढलं नाही. सुई घातली आणि हळूहळू ओढली, गरजेपेक्षा हळू. तो विव्हळला तेव्हा मला बरं वाटलं. प्रत्येक टाक्याला मला बरं वाटत होतं. तुम्ही मला तो हात पाहायला सांगितला होतात आणि मी तो असा पाहिला. त्यानं हात मागे घेतला असता तर मी कदाचित थांबलो असतो. त्यानं घेतला नाही. टेबलावरच्या डागाकडे बघत बसला, आणि शेवटच्या टाक्याला विचारलं, "मावशीनं नाव घेतलं का?"

मी म्हटलं, नाही. तीनदा विचारलं, तीनदा नाही म्हणाली.

तेव्हा तो रडला. मी पट्टी बांधेपर्यंत रडला, मग उठून म्हणाला, ठाण्यावर जातो. मी सोबत गेलो. ठाण्याच्या दाराशी तो एवढंच बोलला, की चाकू तुमच्यावर नव्हता, पलीकडच्या एकावर उगारला होता; तुम्ही मध्ये आलात आणि हात थांबला नाही. ठाण्यात त्यांनी त्याला आत घेतलं आणि दार लावलं. दवाखाना ठाण्याला लागूनच आहे. मला सगळं ऐकू आलं. मी दोनदा जाऊन दार वाजवलं. दुसऱ्या वेळी शिपाई म्हणाला, कंपाउंडर, तुमचं काम उद्या आहे.

तुमच्या दुखवट्याची सभा रविवारी नगरपालिकेत झाली. ठराव झाला, दोन मिनिटं सगळे उभे राहिले. तुमच्याबद्दल इतकं चांगलं बोलले, की मला वाटलं, हेच ते लोक का? त्या दिवशीही मी गप्पच होतो. माझी जागा कायम झाल्याचा हुकूम टाइप होऊन सहीसाठी गेला होता.

पण काल पुन्हा सभा होती आणि काल मी रजिस्टर घेऊन गेलो. कोणी बोलावलं नव्हतं. उभा राहिलो आणि सांगितलं, की मागच्या खेपेला मी खोटं बोललो. केंद्राच्या आधीची पानं, केंद्राची, कुलूप लागल्यानंतरची, तिन्ही वाचून दाखवली. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. चण्यांवर हरकत घेणारा सभासद म्हणाला, याला कोणीतरी शिकवून पाठवलंय. अध्यक्षांनी विचारलं, हे तेव्हाच का नाही सांगितलं? मी म्हटलं, नोकरीसाठी. शेवटी त्यांनी उस्तादांचा पगार आणि कंदिलाचं तेल सहा महिन्यांपुरतं मंजूर केलं. चणे नाही. माझ्या हुकुमावरची सही राहिली आहे. ती होईलसं वाटत नाही. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, निदान आता झोप लागेल तुम्हाला.

आज मी वर्ध्याला तुरुंगात गेलो होतो. नाथ्याच्या हाताचे टाके काढायचे दिवस भरले होते. तिथल्या डॉक्टरांनी मला काढू दिले. सोबत सुन्न करायचं औषध नेलं होतं. टाके काढायला ते लागत नाही, तरी नेलं होतं. जखम भरली आहे, पण बोटं पुरी मिटत नाहीत. एक डोळा अजून सुजलेला, दोन दात गेले आहेत. त्यानं गुन्हा कबूल केला आहे.

मी शेवटचा धागा ओढला तेव्हा त्यानं विचारलं, केंद्र चालू झालं का. मी त्याला सगळं सांगितलं. ते बंद का पडलं, मी तेव्हा काय बोललो, काल काय बोललो. वाटलं, थुंकेल. त्याचा हात अजून माझ्या हातात होता.

तो म्हणाला, "मावशीले माईत होतं?"

"नाही. तिला वाटायचं, मी तिच्या बाजूनं बोललो."

बराच वेळ तो बोटं मिटायचा प्रयत्न करत राहिला. मग म्हणाला, "मंग आमाले काऊन सांगून राह्यले? तिले सांगा."

परतीच्या पॅसेंजरमध्ये बसल्यापासून, भागाबाई, मी तुम्हालाच सांगतो आहे.